आरशाची जवारी

माझ्या टेबलावर १५० मिलिमीटर व्यासाचा जो काचेचा आरसा आहे, त्याच्या मध्यभागी १.१७ मिलिमीटर खोलगटपणा आहे. तो काचेत उतरवायला मला दोन रविवार लागले. त्यानंतर त्याच पृष्ठभागावरून एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, पाव हिश्श्याइतकी काच, तीही नेमक्या जागांवरून, काढायची राहिली होती आणि तेवढ्या कामाला दोन हिवाळे गेले. दुर्बिणीचा आरसा घरी घासून तयार करता येतो, हे सांगितले की ऐकणाऱ्याला पहिले काम अवघड वाटते आणि दुसरे केवळ शेवटचा हात फिरवणे वाटते. प्रत्यक्षात सगळा आरसा त्या दुसऱ्या कामात आहे, म्हणून या लेखात मी त्याविषयीच अधिक लिहिणार आहे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी तपासणी विभागात काम करतो. यंत्रावर कातलेला भाग मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत बरोबर आला की आम्ही तो पुढे पाठवतो. शंभरावा हिस्सा म्हणजे दहा मायक्रॉन. आरशाच्या कामात हे माप इतके ढोबळ ठरते की, त्याने काही मोजण्यात अर्थ उरत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन आहे. आरशावर पडलेला किरण त्याच वाटेने परत फिरत असल्यामुळे पृष्ठभागातील चूक प्रकाशात दुप्पट होते. प्रतिमा बिघडू नये यासाठी प्रकाशतरंगात पाव तरंगलांबीपेक्षा अधिक फरक पडू नये, असा लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाचा जुना निकष आहे. त्याचा अर्थ, काचेवरची चूक तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याच्या, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रॉनच्या, आत राहिली पाहिजे. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास असते. केसाचा हजारावा भाग, आणि तो हाताने साधायचा.

दोन काचा एकमेकींवर मध्ये पाणी व घर्षणपूड घालून घासल्या, तर वरची आपोआप खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. वरची काच पुढे-मागे जाताना तिचा मध्यभाग सतत खालच्या काचेच्या कडेवर रगडला जातो, तर तिची स्वतःची कड अर्धा वेळ हवेत असते. प्रत्येक दिशेने, प्रत्येक कोनात एकमेकींना चिकटून सरकू शकतील असे वक्र पृष्ठभाग केवळ गोलाचे असतात. त्यामुळे घासणारा माणूस, खालची काच ज्यावर बसवलेली असते त्या वाळूने भरलेल्या पिंपाभोवती एकेक पाऊल सरकत राहिला आणि हातातली काचही थोडी थोडी फिरवत राहिला, तर मुद्दाम काही न करता उत्तम गोलीय आरसा तयार होतो. निसर्गाची ही फार मोठी कृपा आहे.

माझी काच बांधकामासाठी मिळणाऱ्या जाड काचेतली, १९ मिलिमीटरची. कोल्हापूरला ती वॉटरजेटवर गोल कापून घेतली. खालचे हत्यार मी काचेचे केले नाही. मिरजेत दवाखाने भरपूर असल्याने दातांच्या साच्यांसाठी लागणारे कठीण प्लास्टर तिथे सहज मिळते. त्याची चकती ओतली आणि फरशीचे लहान तुकडे तिच्यावर इपॉक्सीने बसवले. कार्बोरंडमची ८० क्रमांकाची भरड पूड प्रथम वापरायची, नंतर १२०, २२०, ३२०, ४००, ६०० असे बारीक होत जायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या पुडीने पाडलेले खड्डे पूर्ण निघाले की नाही, हे भिंगातून पाहायचे. खोली मोजायला स्टीलची सरळ पट्टी आणि गॅरेजमध्ये असते तसले फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच, पुरेसे होते. अर्धव्यासाचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट, हे खोलीचे सूत्र आहे. माझ्या आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, १२०० मिलिमीटर ठरवले होते, म्हणजे वक्रता त्रिज्या २४००. पंचाहत्तरचा वर्ग ५६२५, भागिले ४८००, उत्तर १.१७.

स्वच्छतेविषयी मात्र थोडे थांबून लिहितो, कारण माझा पहिला प्रयत्न तिथे बुडाला. तेव्हा पिंप आमच्या गावभागातल्या घराच्या खालच्या खोलीत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी घरात शिरले. काच माडीवरच्या कपाटात होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर आम्ही खोली चार वेळा धुतली, भिंतींना चुना दिला, आणि दिवाळीनंतर मी त्याच जागी पॉलिशला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी काचेवर कडेपासून मध्यापर्यंत एक लांब ओरखडा उमटला. दाराच्या चौकटीत किंवा छताच्या वाशाच्या फटीत कुठे तरी गाळ राहिला असणार आणि त्यातला एखादा कठीण कण खाली पडला असणार. ४०० क्रमांकाने तो निघाला नाही. पुन्हा २२० पर्यंत मागे जावे लागले. त्यानंतर मी सगळे काम माडीवर हलवले. प्रत्येक पुडीसाठी वेगळी बादली, वेगळे फडके आणि वेगळा ब्रश ठेवला, आणि पूड बदलताना नखे कापण्याचा नियम केला.

घासण्याचे काम संपते तेव्हा काच दुधाळ आणि अर्धपारदर्शक असते. तिला पारदर्शक करायला पूड कडक हत्यारावर घासून चालत नाही. राळेचा थर लागतो, म्हणजे जो दाबाखाली सावकाश वाहतो आणि झटक्यात मात्र दगडासारखा वागतो असा पदार्थ. मी राळ, थोडे एरंडेल आणि महाबळेश्वरहून आणलेले मधमाश्यांचे मेण मंद आचेवर, घराबाहेर वितळवून गाळून घेतले. राळ पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात मुळीच करू नये. कठीणपणा अंगठ्याच्या नखाने पाहतात. नख काही सेकंद दाबल्यावर हलकी खूण उमटली पाहिजे, रुतता कामा नये. परदेशी पुस्तकांत दिलेली प्रमाणे सांगलीच्या हवेला उपयोगाची नाहीत. डिसेंबरच्या पहाटे जो थर तडकतो, तोच एप्रिलच्या दुपारी ओघळून आपल्यावर पाडलेले चौकोन बुजवून टाकतो. माझ्या अनुभवाने इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच पॉलिशचा काळ आहे, तोही सकाळी नऊच्या आत. दोन हिवाळे लागले त्याचे एक कारण हे.

सिरियम ऑक्साइडच्या पाण्याने सुमारे दहा तास पॉलिश केल्यावर काच स्वच्छ झाली. तिथून पुढे हाताला, बोटांना, साध्या डोळ्यांना काहीही कळत नाही. काच सगळीकडे सारखीच सुंदर दिसते. चूक दिसावी यासाठी जी परीक्षा लागते, ती फ्रान्सच्या लेआँ फूकोने १८५८ च्या सुमारास शोधली. तिला लागणारे साहित्य पाहून तिच्यावर विश्वास बसत नाही. आरसा भिंतीलगत उभा ठेवायचा, वक्रता केंद्रापाशी, म्हणजे माझ्या बाबतीत २.४ मीटरवर, बारीक फटीमागे एक एलईडी लावायचा आणि परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीचे पाते हळूहळू आडवे आणायचे. डोळा पात्यामागे असतो. आरसा निर्दोष गोलीय असेल, तर तो सगळाच एकदम, सायंकाळ व्हावी तसा, मावळतो. कुठे थोडाही उंचवटा किंवा खळगा असेल, तर तिथे सावली पडते आणि कडेने दिवा धरलेल्या टेकडीसारखा तो भाग उठून दिसतो. मायक्रोमीटरला जे सात जन्मांत दिसले नसते ते पंधरा रुपयांचे पाते दाखवते.

पहिल्या रात्री मी एक प्रयोग केला, तो प्रत्येकाने करावा. काचेवर अंगठा अर्धा मिनिट टेकवला आणि लगेच पात्यामागून पाहिले. अंगठा होता त्या जागी फोडासारखा उंचवटा दिसत होता, आणि तो विरघळायला कित्येक मिनिटे लागली. याचा हिशोब सोपा आहे. साधी काच तापमानाच्या एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत नऊ भागांनी वाढते. १९ मिलिमीटर जाडीला एका अंशाने ०.१७ मायक्रॉन. एखादा भाग केवळ एका अंशाने अधिक गरम राहिला, तर त्याने माझ्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक चूक निर्माण केलेली असते. बोरोसिलिकेट काच याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी प्रसरण पावते, म्हणून ती या कामाला चांगली मानतात. ती महाग आहे आणि मागवावी लागते. साध्या काचेने काम होते, पण वाट पाहावी लागते. दहा मिनिटे पॉलिश केले की काच धुऊन दोन तास तशीच ठेवायची, नंतर परीक्षा. ज्या दिवशी मी ही वाट पाहिली नाही, त्या दिवशी नसलेली टेकडी घासून खरोखरीचा खळगा करून ठेवला.

ही वाट पाहण्याची रीत मला खरे तर मिरजेत कळली. माझ्या आत्यांचा तंबोरा आहे. त्याचा आवाज बसला तेव्हा त्यांना घेऊन मी सतारमेकर गल्लीत गेलो होतो. मिरजेची ही वाद्यपरंपरा एकोणिसाव्या शतकात शिकलगार कारागिरांनी उभी केली. त्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार आणि चकाकी देण्याचा, म्हणजे तेही पॉलिशवालेच. तिथल्या चाचांनी तारा सैल केल्या, घोडी मोकळी केली आणि तिच्या माथ्यावरून कानस दोन-तीन वेळा फिरवली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि त्यातून स्वराचे पदर उलगडतात. त्यालाच जवारी म्हणतात. उतार जास्त झाला तर आवाज कोरडा, कमी झाला तर बोदा. हा उतार मोजायचे साधन त्यांच्याकडे नाही. त्यांनी घोडी बसवली, तारा चढवल्या, तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहिला, आणि बाजूला ठेवून दिली.

मी विचारले, ‘‘चाचा, झालं का?’’

ते म्हणाले, ‘‘झालं का नाही ते आता तीच सांगंल. तारा बसू द्या, मग ऐकू. घाईनं ऐकलं की खोटंच ऐकू येतंय.’’

आम्ही तासभर बसलो. मग त्यांनी पुन्हा ऐकले आणि आणखी एकदाच कानस लावली. माझ्या मनात त्या वेळी माझी काच होती. त्यांचा कान आणि माझे पाते एकच काम करत होते.

गोलीय आरसा तयार झाल्यावर त्याला अन्वस्त (पॅराबोला) आकार द्यावा लागतो, कारण फार दुरून येणारे समांतर किरण गोलीय आरसा एका बिंदूत आणू शकत नाही. माझ्या मापाच्या आरशात गोल आणि अन्वस्त मध्यभागी जुळवले, तर कडेला त्यांच्यातला फरक ०.२९ मायक्रॉन येतो. नाभी थोडी सरकवून हा फरक सगळ्या पृष्ठभागावर वाटून घेतला, तर तो ०.०७ वर येतो, म्हणजे रॅलेच्या निकषाच्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून सहा इंचांच्या, एवढ्या लांब नाभीय अंतराच्या आरशाबाबत अनेक अनुभवी माणसे सांगतात की, गोलीयच राहू द्या. सल्ला चुकीचा नाही. मला तो मानवला नाही, कारण उंबरठ्यावरची चूक ही इतर सगळ्या चुकांत मिळवली जाते आणि हाताच्या कामात इतर चुका असतातच.

मोजणीसाठी आरशावर खिडक्या कापलेला पुठ्ठ्याचा मुखवटा लावतात आणि मध्याच्या व कडेच्या खिडक्यांचा प्रकाश पाते कुठे ठेवल्यावर सारखा मंदावतो, त्या जागांतले अंतर घेतात. दिवा आणि पाते एकाच सरकत्या बैठकीवर असतील, तर मध्यबिंदूपासून कडेपर्यंत हे अंतर अर्धव्यासाचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट इतके भरले पाहिजे. हे सूत्र लिहून घेताना मी थबकलो, कारण ते खोलीचेच सूत्र आहे. पुन्हा तेच १.१७ मिलिमीटर! खिडक्या अगदी मध्य आणि अगदी कड वगळतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी आकडा मिळवायचा असतो. मायक्रॉनचे काम असे मिलिमीटरच्या अंतरात उलगडून समोर येते आणि डायल गेजवर वाचता येते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी मी चुकलो. मध्य खोल करण्याचे रुंद, डब्ल्यू अक्षरासारखे हात एका बैठकीत पंचवीस मिनिटे चालवले, आणि आकार अन्वस्त ओलांडून अपास्ताकडे (हायपरबोलाकडे) गेला. त्यातच बाहेरची तीन-चार मिलिमीटर कड खाली पडली. पडलेली कड हा घरी केलेल्या आरशांचा सर्वांत जुना रोग आहे, आणि त्याला औषध एकच, आखूड हातांनी सगळा पृष्ठभाग पुन्हा गोलीय करून मागून सुरुवात करणे. तेवढ्यात उन्हाळा लागला. काच कपड्यात गुंडाळून ठेवली.

त्या उन्हाळ्यात मी विल्यम हर्शलविषयी वाचत होतो. ते इंग्लंडमधल्या बाथ गावी ऑर्गन वाजवणारे, संगीत शिकवणारे गृहस्थ होते. आरसे मिश्रधातूचे असत, ते स्वतः ओतत आणि घासत. एकदा त्यांनी सोळा तास आरशावरून हात उचलला नाही आणि बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवत होती, असे तिनेच लिहून ठेवले आहे. १३ मार्च १७८१ रोजी आपल्या घराच्या बागेतून त्यांनी युरेनस शोधला, तो ६.२ इंच व्यासाच्या, स्वतः केलेल्या आरशाने. म्हणजे जवळपास माझ्याच मापाचा. फूकोची परीक्षा तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांनी शेकडो आरसे केले आणि ताऱ्यांवर पारखून चांगले निवडले. संगीतकाराचे कान आणि आरसा करणाऱ्याचे डोळे एका माणसात असणे हा मला योगायोग वाटत नाही.

दुसऱ्या डिसेंबरात चाचा काही कामाने सांगलीला आले असताना माडीवर आले. मी काही न सांगता त्यांना पात्यामागे बसवले. आधी कुणालाही बसवले की त्याला केवळ एक उजळ वर्तुळ दिसते आणि सावल्या वाचायला बरेच दिवस लागतात. त्यांनी थोडा वेळ पाहिले, मान किंचित हलवली आणि म्हणाले, ‘‘हितं कड्यागत उंच राहिलंय बघा. मधल्याला आता हात लावू नका.’’ त्रिज्येच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर खरोखरच एक उंच वलय होते, आणि मी मध्यालाच हात लावणार होतो. त्यानंतर मी एका वेळी पाच मिनिटांपेक्षा अधिक काम केले नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आकडे मर्यादेच्या आत आले.

मुलामा देण्याआधी मी त्या नुसत्या काचेनेच चंद्र पाहिला. साधी काच सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकते, आणि चंद्राला तेवढा पुरतो. विवरांच्या कडा इतक्या रेखीव होत्या की, माझ्या आत्यांनी डोळा नेत्रिकेवरून बराच वेळ हलवला नाही. नंतर आरसा पुण्याला पाठवून निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा मुलामा करून घेतला. हा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि काचेचा आकार जसाच्या तसा घेतो. चूक असेल तर ती झाकत नाही.

दुर्बिणीची नळी आणि बैठक यांचे मी फार कौतुक करत नाही. नळीतला तिरपा छोटा आरसा विकत घेतला. बैठक प्लायवुडची, जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत ते रामकृष्ण संघाचे संन्यासी होते, जहाजांच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे करत आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत. त्यांची पेटीवजा बैठक कोणत्याही सुताराला समजावता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

फेब्रुवारीत मिरजेच्या पूर्वेला, दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला, ओळखीच्या एका द्राक्षबागेशेजारी आम्ही दुर्बीण उभी केली. आरसा थंड व्हायला तासभर ठेवला. मग पुनर्वसूतला कॅस्टर लावला, त्याचे दोन तारे स्वच्छ वेगळे, मध्ये काळी फट. मृगातल्या तेजोमेघाच्या पोटात ट्रॅपेझियमचे चार तारे सुईच्या टोकासारखे होते, आणि हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हा पाचवाही दिसून गेला. शेवटी खरी परीक्षा घेतली. एक तेजस्वी तारा मुद्दाम नाभीच्या आत आणि नंतर बाहेर नेला. दोन्ही बाजूंची वलये जवळपास सारखी होती. बाहेरच्या बाजूची किंचित अधिक ठळक होती, म्हणजे आरसा अजून थोडा अपास्ताकडे झुकलेला आहे. आत्यांना हा फरक दिसला नाही. मला दिसला.

तंबोऱ्याची जवारी तारांखाली झिजते आणि काही वर्षांनी पुन्हा लावावी लागते. काचेचा आकार झिजत नाही, पण वरचे ॲल्युमिनियम आपल्या दमट पावसाळ्यात काही वर्षांत डागाळतेच. ते उतरवायची वेळ येईल तेव्हा राळेचा थर पुन्हा ओतीन. पिंप माडीवर तसेच ठेवले आहे, आणि सिरियमची बरणी झाकण घट्ट लावून वेगळ्या कपाटात.